काळ्या मातीवरच्या पेव्हरवर कोर्ट: टाइल्स टाकू की खालून काम करू?

गोदाकाठ (परभणी)
नमस्कार मंडळी. घरामागे ५६ बाय ३० फूट मोकळी जागा आहे. त्यावर ६० मिमीचे पेव्हर, खाली सहा इंच मुरूम आणि त्याखाली निव्वळ काळी माती. पावसाळ्यात कंपाउंडकडच्या दोन ओळी वर येतात आणि मधे पाणी साचतं. उन्हाळ्यात त्याच ओळी खाली बसतात. पोरांसाठी बॅडमिंटन आणि पिकलबॉल (छोट्या कोर्टावर बॅट आणि प्लास्टिकच्या चेंडूने खेळायचा, टप्प्याचा खेळ) दोन्हीची सोय करायची आहे. दुकानदार म्हणतो, प्लास्टिकच्या इंटरलॉकिंग टाइल्स थेट पेव्हरवर बसतील. बसतील का? का काँक्रीटच करावं?

मुरूमपट्टा (लातूर)
टाइल्स बसतील, पण टिकणार नाहीत. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांतच कारण आहे. कडेच्या मातीत पाणी आधी मुरतं आणि ती फुगते. मधली माती पेव्हरखाली झाकलेली असते, तिच्यात तेवढा बदल होत नाही. उन्हाळ्यात कडा आधी सुकतात, भेगाळतात आणि खचतात. सहा इंच मुरुमाच्या वजनाला ही माती दाद देत नाही.

टाइल्सना खाली सपाट, कडक बैठक लागते. ३ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. हलत्या पेव्हरवर टाइल पाय पडला की दबते, खडखडते आणि शेवटी तिचा लॉक तुटतो. पिकलबॉलचा टप्पाही चुकतो. नुसतं बॅडमिंटन असतं तर टप्प्याचा प्रश्नच नव्हता, पण वर आलेल्या ब्लॉकच्या कडेला पाय मुरगळतो तो मुरगळतोच. पार्किंगला पेव्हर उत्तम, कारण उचलून पुन्हा लेव्हल करता येतात. कोर्टाला नकोत.

माझं मत: पेव्हर काढा, माती बदला, वर ५ इंची आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट).

दोन्ही खेळांच्या कोर्टाचं माप एकच, ४४ बाय २० फूट. स्लॅब ५० बाय २४ चा धरा. खोदाई ५२ बाय २६, दोन फूट खोल; म्हणजे कंपाउंडच्या पायापासून दोन फूट लांब राहाल. खोदाई त्याहून जवळ नेऊ नका, भिंत खचेल. भरायला दबलेला मुरूम २७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल, म्हणजे सुटा साधारण ३५ ब्रास मागवा. आठ-आठ इंचांचे सुटे थर, प्रत्येकावर पाणी मारून रोलरने दबाई. दोन फूट एकदम भरून वरून रोलर फिरवला, तर खालचा थर सुटाच राहतो आणि दोन पावसाळ्यांत बसतो.

गोदाकाठ
मुरुमाऐवजी वाळू किंवा डबर टाकलं तर? इकडे वाळू सहज मिळते.

मुरूमपट्टा
अजिबात नको. भोवती काळी माती पाणी सोडत नाही, त्यामुळे वाळू भरलेल्या खड्ड्याचा हौद होतो आणि तळाची माती महिनोन्‌महिने ओली राहून फुगत राहते. न फुगणारा, थोडा चिकट मुरूमच हवा. तांबडा दिसतो म्हणून चांगला, असं नसतं. ४२५ मायक्रॉन चाळणीतून १०-१० ग्रॅम चाळून घ्या. १०० मिलीच्या दोन नळ्यांपैकी एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल घालून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली पातळी रॉकेलपेक्षा जितकी वर, तितका फुगारा. फरक ५० टक्क्यांच्या वर गेला तर तो मुरूम परत पाठवा.

चुनखडी (नांदेड)
वरच्याशी सहमत, दोन गोष्टी जोडतो. एवढा मुरूम मिळाला नाही, तर एक फूट काढून खालच्या एक फूट मातीत वजनाच्या ४ टक्के चुना मिसळून दाबा. तुमच्या मापाला सुमारे सव्वादोन टन लागेल. ढेकळं मोडल्याशिवाय मिसळू नका, आतली माती कोरी राहते.

दुसरं, स्लॅब. एम २० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) धरलं तर १४ घनमीटर काँक्रीट, सुमारे ११५ गोण्या सिमेंट. ८ मिमी सळई ८ इंचांवर दोन्ही दिशांनी, साडेचारशे किलोच्या आसपास. जाळी वरून दीड-दोन इंचांवर हवी. घोड्या (जाळी उचलून धरणारे सळईचे टेकू) न लावता अंथरली, तर माणसं चालून ती तळाला जाते आणि वरच्या तड्यांना तिचा उपयोग राहत नाही. खाली प्लास्टिकचा कागद, ट्रिमिक्स (ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी मशीनने ओढून काढणं) करून उतार एकाच बाजूला १०० ला १. मधून उतार नको.

काँक्रीट कटरने २४ तासांच्या आत सव्वा इंच खोल कट मारा: लांबीत दर १० फुटांवर, रुंदीत मधोमध १२ फुटांवर. तो मधला कट नेमका सर्व्हिसच्या मधल्या रेषेखाली येतो. क्युरिंग १४ दिवस, ओल्या गोणपाटाखाली. त्यानंतर टाइल्स चालतील. ॲक्रिलिक रंग लावायचा असेल तर किमान २८ दिवस थांबा.

गोदाकाठ
नेटच्या खांबांचं काय? आणि काम मे महिन्यात उरकलं तर चालेल?

चुनखडी
बॅडमिंटनचे खांब डबल्सच्या रेषेवर, २० फुटांवर येतात. नेटची उंची खांबाशी १.५५ मीटर. पिकलबॉलला खांबांत २२ फूट अंतर आणि नेट कडेला ३६ इंच, मधे ३४. म्हणून बॅडमिंटनसाठी स्लीव्ह (खांब आत बसवायची नळी) गाडा, पिकलबॉलला उचलतं नेट घ्या. स्लीव्हचा पाया दीड फूट चौरस, तळ मुरुमातच राहू द्या.

मे नको. भेगा तोंड वासून असतात, सुकलेल्या मातीवर स्लॅब टाकला तर पहिल्याच पावसात ती खालून ढकलते. शिवाय खोदलेला खड्डा जूनमध्ये भरतो. नोव्हेंबर ते जानेवारी गाठा.

मुरूमपट्टा
निघालेले पेव्हर विकू नका. स्लॅबभोवतीच्या तीन फुटी पट्ट्यात ते प्लास्टिक कागदावर, बाहेर उतार देऊन बसवा आणि कडेला नाली काढा. त्या पट्ट्यात ठिबक, वाफे, कडुनिंबाचं झाड काहीच नको. टाइल्स टाकल्या तर चारही कडांना दोन इंच मोकळे सोडा, परभणीच्या उन्हात त्या पसरतात.

गोदाकाठ
आभारी आहे. आधी मुरुमाची नळीत चाचणी घेतो आणि आकडे इथेच टाकतो.