पर्यावरणशास्त्र आणि सार्वजनिक धोरण एकत्र शिकायचंय, कुठे जाऊ?

यावलकर: बी.एस्सी. (रसायनशास्त्र) तिसऱ्या वर्षाला आहे. यावल-रावेर पट्ट्यातल्या भूजलावर काम करायचंय. नुसते पाण्याचे नमुने तपासायचे नाहीत, पाण्याचे कायदे कागदावरच का राहतात तेही शिकायचंय. जळगावलाच एम.एस्सी. करू की बाहेर पडू?

तापीकाठ: दोन्ही एकाच पदवीत हवं असेल तर मुंबईची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि दिल्लीचं टेरी विद्यापीठ बघ. आयआयटी मुंबईतही सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी आहे. टिससाठी सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते: बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर चालतो ते माहितीपत्रकात बघूनच फॉर्म भर. पेपर चुकला तर गुण कितीही पडोत, उपयोग शून्य.

जळगावच्या विद्यापीठातही पर्यावरणशास्त्राचं एम.एस्सी. आहे. खर्च कमी, अभ्यासाचा भाग घराजवळ. धोरणाची बाजू मात्र तुलाच भरून काढावी लागेल. त्यासाठी प्रबंधाला अर्थशास्त्राचे किंवा कायद्याचे सहमार्गदर्शक पहिल्याच सत्रात शोध.

गिरणाथडी: भाऊ, पदवीच्या नावाआधी प्रश्न पक्का कर. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ नुसार शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहीर घ्यायला बंदी आहे. तुमच्याकडे केळीचे बोअर तापीच्या गाळात त्याच्या कितीतरी खाली जातात. बंदी असूनही बोअर होतो कसा, नोंद कोण ठेवतं, कारवाई कोणी करायची? हा झाला धोरणाचा प्रश्न, आणि तो पाण्याच्या पातळीशिवाय सुटत नाही.

इथेच बरेच प्रबंध फसतात. निरीक्षण विहीर (पाण्याची पातळी नियमित मोजण्यासाठी ठेवलेली विहीर) उथळ असेल तर तिची पातळी वरच्या थराची असते, उपसा मात्र खालच्या थरातून. मग एक चांगला पावसाळा झाला की आलेखात पातळी वर दिसते आणि 'सुधारणा झाली' असा निष्कर्ष निघतो. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर विहिरीची खोली लिही आणि मेमधल्या पातळीची तुलना मेशीच कर.

यावलकर: या नोंदी मिळतात कुठे?

गिरणाथडी: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात. नाही मिळाल्या तर माहिती अधिकाराचा अर्ज कर: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. 'सगळी माहिती द्या' असं लिहू नकोस. गाव, विहीर क्रमांक, वर्षं, महिना आणि खोली, असं नेमकं माग.