४,२९,४९,६७,२९७ साठी एवढा भागाकार कशाला?
ही संख्या मूळ नाही हे हाताने दाखवायचं तर ६५,५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागेल, असं सांगितलं जातं, ते पटलं नाही. अशा ६,५४२ मूळ संख्या आहेत, कोण भागत बसणार! ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. तिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरते. त्यामुळे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच काम फत्ते: ६४१ × ६७,००,४१७. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये हेच दाखवलं आणि अशा रूपाच्या (२ चा २, ४, ८, १६, ३२... वा घात अधिक १) सगळ्या संख्या मूळच असतात हा गणितज्ञ फर्माचा अंदाज कोसळला.

खरी गंमत म्हणजे ६४१ साठी भागाकारही लागत नाही. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून, ६४० म्हणजे ६४१ ला एक कमी, बाकी उणे १; म्हणून ६४० च्या चौथ्या घाताला ६४१ ने भागलं तर बाकी १. हा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवा, दोघांत ६४१ चाच फरक असल्याने बाकी बदलत नाही. म्हणजे उणे (२ चा ३२ वा घात) याचीही बाकी १. झालं, मूळ संख्येला ६४१ ने नि:शेष भाग गेला. (इथे ‘मूळ’ म्हणजे आपली सुरुवातीची, गैरसमज नको!) पुढे गणितज्ञ लुकासने तर ६४ च्या जागी १२८ चालतात हे सिद्ध केलं, मग २५७ नंतर थेट ६४१ च.