रग्बी विश्वचषक २०२७: कोण कुठवर जाईल? (सोसायटी क्रीडा ग्रुप)

सी-५०१: सगळे गट एकदा इथे टाकून ठेवते, म्हणजे बोलताना शोधाशोध नको.
अ: न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, चिली, हाँगकाँग चायना
ब: दक्षिण आफ्रिका, इटली, जॉर्जिया, रुमानिया
क: अर्जेंटिना, फिजी, स्पेन, कॅनडा
ड: आयर्लंड, स्कॉटलंड, उरुग्वे, पोर्तुगाल
ई: फ्रान्स, जपान, अमेरिका, सामोआ
फ: इंग्लंड, वेल्स, टोंगा, झिम्बाब्वे
१ ऑक्टोबर २०२७ ला पर्थमध्ये सुरुवात, १३ नोव्हेंबरला सिडनीत फायनल.

ए-१०२: यंदा २० ऐवजी २४ संघ. मागच्या वेळी गटात पाच संघ होते, प्रत्येकाला चार सामने. आता तीनच. पण गटानंतर थेट उपांत्यपूर्व फेरी नाही, आधी १६ संघांची बाद फेरी. म्हणजे फायनलपर्यंत जाणाऱ्याला सामने सातच, फक्त एक साखळी सामना कमी आणि एक बाद सामना जास्त.

बी-२०४: मुद्द्याचा प्रश्न विचारतो. दक्षिण आफ्रिकेला थांबवणार कोण? २०१९ त्यांचा, २०२३ त्यांचा. सलग तिसरा आजवर कुणालाच जमलेला नाही. न्यूझीलंडने २०११ आणि २०१५ घेतला आणि २०१९ ला सेमीफायनलमध्ये इंग्लंडकडून हरले.

ए-७०३: थांबवू शकतील असे तीन-चार आहेत. पण ते ओळखायला पहिल्या पंधरांची नावं वाचू नकोस. १६, १७, १८ नंबरच्या जर्सी कोण घालतंय ते बघ. राखीव हुकर, राखीव लूजहेड प्रॉप, राखीव टाइटहेड प्रॉप. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना ढकलतात तिथे, सगळ्यात पुढे असतात ती ही तीन माणसं: हुकर मध्ये, लूजहेड डावीकडे, टाइटहेड उजवीकडे. कप या तीन जर्सींवर ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

बी-२०४: आणि बॅक्स, म्हणजे मागे राहून धावणारे, काका? फ्रान्सचा बिएल-बियारे बघा, २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा) ८ ट्राय, म्हणजे आठदा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला, तेव्हाचा विक्रम. आफ्रिकेच्या फाइनबर्ग-म्न्गोमेझुलूने डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध एकट्याने ३७ गुण केले.

ए-७०३: त्यांच्यापर्यंत चेंडू पोचला तर. पुढच्या फळीतले तिघं ५०-५५ मिनिटांनंतर त्याच ताकदीने ढकलू शकत नाहीत. सगळ्यात जास्त भार टाइटहेडवर, म्हणजे ३ नंबरवर. त्याचं डोकं समोरच्या हुकर आणि लूजहेडच्या मध्ये अडकलेलं असतं, दोघांचा दाब एकट्याने पेलायचा. लूजहेडचा डावा खांदा मोकळा असतो. टाइटहेड दमला की आधी त्याचं कोपर खाली येतं, मग पकड सुटते, मग स्क्रम कोसळतो. रेफरी पेनल्टी देतो. त्या पेनल्टीचे ३ गुण घ्या, नाहीतर चेंडू लाथाडून टचबाहेर घालवा. पेनल्टीवरून बाहेर गेलेल्या चेंडूचा लाइनआउट, म्हणजे बाजूरेषेवरून चेंडू आत फेकायचा हक्क, तुमचाच असतो. गोलरेषेपासून ५ मीटरवर लाइनआउट, तिथून मॉल (चेंडूवाल्याला घोळक्याने ढकलत नेणं), ट्राय.

सी-५०१: आणि हेच वारंवार झालं की पिवळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर. नोव्हेंबर २०२५ चा डब्लिनचा सामना याच कारणासाठी पुन्हा बघण्यासारखा आहे. आयर्लंड १३, आफ्रिका २४. आधी आयर्लंडचा पोर्टर, नंतर त्याच्या जागी आलेला मॅकार्थी, दोघेही लूजहेड आणि दोघांनाही स्क्रमच्या पेनल्ट्यांवरून पिवळं. स्क्रमवरून एक पेनल्टी ट्रायही (रेफरीने बहाल केलेला ट्राय) आफ्रिकेला गेला. प्रॉप बाहेर गेला की हिशेब आणखी बिघडतो. स्क्रमसाठी प्रशिक्षित प्रॉप मैदानात लागतोच, म्हणून बेंचवरून प्रॉप आणायचा आणि त्याच्यासाठी दुसरा धडधाकट खेळाडू बाहेर बसवायचा.

बी-२०४: ताई, पुढच्या फळीतले सगळेच जायबंदी झाले तर?

सी-५०१: मग ढकलाढकलीशिवायचे स्क्रम. पण ज्या संघामुळे ही वेळ आली, त्यांचा एक माणूस कमी होतो. नाहीतर ज्यांचा स्क्रम कमकुवत तो संघ दुखापतीचं कारण सांगून सुटला असता. म्हणूनच २३ जणांच्या यादीत पुढच्या फळीच्या तिन्ही जागांना राखीव असणं सक्तीचं आहे.

ए-१०२: काकांचा मुद्दा मान्य, पण २०२३ ला आफ्रिकेचीच इथे फसगत होत होती. स्पर्धा चालू असताना माल्कम मार्क्स जायबंदी झाला, त्याच्या बदली हुकर न बोलावता फ्लाय-हाफ (१० नंबर, खेळ चालवणारा बॅक) पोलार्डला बोलावलं. फायनलला तिसऱ्याच मिनिटाला एम्बोनाम्बी बाहेर. उरलेली ७५ पेक्षा जास्त मिनिटं डिऑन फूरीने हुकर म्हणून काढली, तो मूळचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) जास्त. आफ्रिकेचा लाइनआउट सामनाभर डळमळत राहिला. १२-११ ने वाचले, तेही न्यूझीलंडच्या सॅम केनला लाल कार्ड मिळालं असताना.

ए-७०३: अगदी बरोबर, आणि तो निर्णय आंधळा नव्हता. सेमीफायनलला त्याच पोलार्डने ७७ व्या मिनिटाला जवळपास ४९ मीटरवरून पेनल्टी मारली आणि १६-१५ झालं. पण ती पेनल्टी मिळाली कशातून? स्क्रममधून. बेंचवरून आलेल्या ऑक्स एन्चेने ती मिळवली. १७ नंबर!

बी-२०४: 👏 हे मान्य.

ए-७०३: आता २०२७ साठी बघायचं ते हेच. मार्क्स २०२५ चा जागतिक सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण स्पर्धेच्या वेळी ३३ वर्षांचा असेल. कोलिसी आणि एट्झेबेथ त्याहून मोठे. प्रशिक्षक इरास्मस दोन वर्षांपासून सामन्यागणिक संघ बदलतोय ते उगाच नाही. एकेका जागेला तीन-तीन माणसं तयार करतोय.

सी-५०१: बेंचच्या वाटणीबद्दल पण बोलूया. आठ राखीव असतात. नेहमीची वाटणी ५ फॉरवर्ड आणि ३ बॅक. ६-२ आता सर्रास. ७-१ आफ्रिकेने २०२३ च्या फायनलला वापरली, बेंचवर एकटा विली ल रू बॅक. स्क्रम-हाफला (स्क्रममधून चेंडू काढणारा ९ नंबर) बदली नव्हती, डी क्लर्कने पूर्ण ८० मिनिटं खेळायची हे आधीच धरलेलं.

ए-१०२: ७-१ मध्ये धोका उघड आहे. दोन बॅक लवकर गेले की संपलं.

बी-२०४: त्याचं उत्तर फ्रान्सने दिलंय. मार्च २०२५, डब्लिन, फ्रान्सची बेंच ७-१. पहिल्या अर्धात ड्यूपोंचा गुडघा गेला, एकमेव राखीव बॅक लुकू आत आला. नंतर सेंटर (बॅकलाइनच्या मधला खेळाडू) बरासीही गेला. मग फ्लँकर जेगू सेंटरला उभा राहिला, आणि फ्रान्स ४२-२७ ने जिंकला. म्हणजे ७-१ खेळायचं तर सात फॉरवर्डपैकी किमान एकाला बॅकलाइनमध्ये टॅकल करता आला पाहिजे. आफ्रिकेने एस्टरहायझेनला सेंटर आणि फ्लँकर दोन्हीकडे खेळवून हीच सोय केली आहे.

ए-१०२: फ्रान्सवर एवढा भरवसा नको. २०२५ च्याच नोव्हेंबरात पॅरिसला आफ्रिकेच्या डी यागरला हाफटाइमच्या आधी लाल कार्ड, अख्खा दुसरा अर्ध १४ जण, तरी आफ्रिका ३२-१७. तीन फायनल हरलेत फ्रान्सवाले, १९८७, १९९९, २०११. कप एकदाही नाही.

बी-२०४: दादा, १९८७ चा २०२७ शी काय संबंध? आताच्या संघात ड्यूपों आहे. शिवाय स्पर्धा ऑक्टोबरात. फ्रेंच लीगचा मोसम सप्टेंबरात सुरू होतो, म्हणजे त्यांचे खेळाडू दहा महिने घासून निघालेले नसतील. जुलैच्या दौऱ्यांसारखी अवस्था नसेल. माझं मत फ्रान्स फायनलला.

ए-७०३: फ्रान्सचा गट बघता पहिला क्रमांक मिळायला हरकत नाही. जपान वेगाने खेळतो, पण सलग ८० मिनिटं फ्रान्सचं वजन पेलणं अवघड.

सी-५०१: मला ब गटाची जास्त काळजी वाटते. आफ्रिका, इटली, जॉर्जिया, रुमानिया, चारही स्क्रमवर जगणारे देश. जॉर्जियाचे प्रॉप फ्रेंच क्लबांत जागोजागी आहेत, २०२२ ला त्यांनी कार्डिफमध्ये वेल्सला १३-१२ ने हरवलं. इटलीने नोव्हेंबर २०२५ ला ऑस्ट्रेलियाला २६-१९ ने हरवलं. आफ्रिका गट जिंकेलच, पण मानेला-खांद्याला मार बसलेले प्रॉप घेऊन पुढे जाईल. आणि आफ्रिका-न्यूझीलंड दोघेही गटात पहिले येऊन पहिली बाद फेरी जिंकले, तर गाठ उपांत्यपूर्व फेरीतच.

ए-१०२: दोघांतला एक शेवटच्या आठात बाहेर. आणि तिथे मी न्यूझीलंड म्हणेन. २०२५ ला ईडन पार्कवर २४-१७ ने जिंकले ना.

ए-७०३: आणि पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनला १०-४३. हाफटाइमला न्यूझीलंड १०-७ ने पुढे होता, दुसऱ्या अर्धात ०-३६! न्यूझीलंडच्या इतिहासातला सर्वात मोठा पराभव. ट्विकनहॅमला इंग्लंडविरुद्ध १२-० ने पुढे असून १९-३३. दोन्हीकडे दुखणं एकच, सामना जसजसा लांबतो तसतशी पकड सुटते. पहिले पंधरा कुणाहून कमी नाहीत. बेंच आत आली की पातळी घसरते, समोरच्याची चढते. हे सुधारलं तर ते कुणालाही हरवतील. नाही सुधारलं तर आफ्रिका त्यांना शेवटच्या २५ मिनिटांत घेईल.

ए-१०२: हं. ट्विकनहॅमला इंग्लंडच्या बेंचने खरंच फरक पाडला, ते नाकारत नाही. पण कसर भरून काढायला वेळ आहे अजून.

बी-२०४: यजमानांचं काय?

सी-५०१: ऑस्ट्रेलिया दोन टोकांत खेळतो. ऑगस्ट २०२५ ला एलिस पार्कवर ०-२२ वरून ३८-२२. तिथला त्यांचा १९६३ नंतरचा पहिला विजय. आणि नोव्हेंबरच्या दौऱ्यात इंग्लंड, इटली, आयर्लंड, फ्रान्स, चौघांकडूनही हरले. २०२३ ला गटातच बाद झाले होते, इतिहासात पहिल्यांदा. यंदाच्या रचनेत गटात बाद होणं जवळजवळ अशक्य आहे. त्यांची एक बाजू मात्र पक्की, हवेतला चेंडू. २०२४ च्या नोव्हेंबरपासून रेफरी ‘एस्कॉर्ट’वर कडक झालेत, म्हणजे उंच किक झेलणाऱ्या आपल्या माणसाभोवती भिंत करून धावता येत नाही. आता दोघं खरोखर उडी मारून झगडतात. सुआलीसारखा उंच, उडी मारणारा खेळाडू यात सोनं आहे.

ए-७०३: बॉक्स किकचा (स्क्रम-हाफने मारलेली उंच किक) अंदाज चुकला की उलटं होतं पण. चेंडू हवेत सुमारे ४ सेकंद राहिला आणि २५-३० मीटरवर पडला तर पाठलाग करणारा वेळेत पोचतो. ४० मीटर गेला तर समोरच्या फुलबॅकला आरामात झेलून पळायला जागा. टाउन्सव्हिल, ब्रिस्बेनच्या दमट संध्याकाळी चेंडू निसटतो, तिथे किक आणखी वाढणार.

बी-२०४: आयर्लंडला कुणीच धरत नाहीये?

ए-१०२: उपांत्यपूर्व फेरी आजवर एकदाही ओलांडलेली नाही. २०२३ ला शेवटी चेंडू न गमावता ३७ फेजेस (टॅकलनंतर पुन्हा चढाई) खेळले, आणि न्यूझीलंडच्या व्हाइटलॉकने चेंडू काढून घेतला, २४-२८. गटात पुन्हा स्कॉटलंड, सलग तिसऱ्या विश्वचषकात. स्कॉटलंडला माझ्या मते पोर्तुगालकडून जास्त धोका, त्यांनी २०२३ ला फिजीला २४-२३ ने हरवलंय.

सी-५०१: फिजी माझा आवडता संघ, पण त्यांचं दुखणं नेमकं सांगायला हवं. २०२३ ला इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात २४-२४ पर्यंत आणलं. मग इंग्लंडच्या फॅरेलने आधी ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू टप्पा पाडून पोस्टमधून मारणं), नंतर पेनल्टी, ३०-२४. इंग्लंडने शेवटी काहीही भारी केलं नाही, फक्त समोरच्या बाजूला थांबून गुण घेतले. फिजीला तिथे स्वतःच्या हद्दीतून शांतपणे किक मारून बाहेर पडणारा फ्लाय-हाफ हवा. अर्जेंटिनाशी गटात पहिल्या क्रमांकासाठी चुरस होईल, पण पुमाजनी (म्हणजे अर्जेंटिनाने) २०२५ ला न्यूझीलंडला ब्युनोस आयर्समध्ये २९-२३ ने हरवलंय, नोव्हेंबरात स्कॉटलंडविरुद्ध ०-२१ वरून ३३-२४ केलं. शेवटची २० मिनिटं त्यांची असतात. माझी पसंती अर्जेंटिना.

बी-२०४: फ गटात दुसरा कोण? वेल्स सलग १८ सामने हरून जुलै २०२५ ला कुठे जपानविरुद्ध जिंकला, आणि नोव्हेंबरात आफ्रिकेकडून ०-७३. टोंगा उलथवू शकतो?

ए-७०३: ताकदीत नक्की. २०२२ पासून नियम बदललाय, तीन वर्षं आधीच्या देशाकडून न खेळलेल्या खेळाडूला जन्माच्या किंवा आईवडील-आजीआजोबांच्या देशाकडून एकदा खेळता येतं. त्यामुळे टोंगा-सामोआला माजी ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचे खेळाडू) मिळाले. पण ते वेगवेगळ्या देशांच्या क्लबांत पसरलेले. एकत्र सराव थोडा मिळतो आणि त्याचा फटका आधी लाइनआउटला बसतो. थ्रो, उडी आणि उचलणारे दोघं, यांचं टायमिंग अर्ध्या सेकंदाने चुकलं तरी चेंडू गेला. टोंगाने हे नीट केलं तर वेल्स अडचणीत.

बी-२०४: आणि तिसरा आला तरी पुढे जाता येतं ना?

सी-५०१: हो. सहा गटांतले पहिले दोन असे १२, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सहांपैकी सर्वोत्तम चार. विजयाला ४ गुण, बरोबरीला २. चार किंवा जास्त ट्रायना १ बोनस. सात किंवा कमी गुणांनी हरलं तर १ बोनस. चौथ्या संघाला बोनससकट हरवलं की ५ गुण, बहुतेक वेळा तेवढे पुरतील. गुण सारखे झाले तर गुणफरक बघतात, आणि तिथे मोठे पराभव महाग पडतील. रुमानिया २०२३ ला ०-७६, ८-८२, ०-८४ असे हरले होते. तसा फरक घेऊन तिसरं येऊन उपयोग नाही.

ए-१०२: म्हणजे झिम्बाब्वेसारख्यांनी इंग्लंडविरुद्ध मुख्य खेळाडू जपून ठेवणं पण धोक्याचं. १९९१ नंतर पहिल्यांदा येतायत ते.

ए-७०३: धोक्याचंच. माझ्या मते त्यांनी इंग्लंडविरुद्ध टाइटहेड तेवढा ४५ मिनिटांत बाहेर घ्यावा, बाकी संघ पूर्ण ताकदीचा ठेवावा आणि पेनल्टी मिळाली की पोस्टकडे मारावी. पुढे टोंगाविरुद्ध जिंकायची संधी आहे, तिथे दमलेला ३ नंबर परवडणार नाही.

बी-२०४: आणि टोंगाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला १० ने मागे असले तर?

ए-७०३: पेनल्टी मिळाली तर ट्रायमागे धावायचं नाही. ३ घ्यायचे, फरक ७ वर आणायचा. बोनसचा १ गुण खिशात.

सी-५०१: आणि घड्याळ बघून. पेनल्टीला ६० सेकंद मिळतात, किकर पोस्टकडे बोट दाखवतो तेव्हापासून. वेळ ओलांडली तर किकच रद्द, स्क्रम समोरच्याला.