गेटजवळची झुडपं उपटू नका

बी-३०४: मंडळी, गेटजवळच्या रांगेतली झुडपं पार वाळलीत, नुसत्या काड्या उरल्यात. रविवारी माळी येतोय, उपटायला सांगू का? तिथे बारमाही हिरवं काहीतरी लावू.

ए-१०२: काका, कृपा करून उपटू नका! ती सावनी आहे, नर्सरीत क्रेप मर्टल म्हणतात. ताम्हणाच्याच जातकुळीतली. थंडीत सगळी पानं झडतात तिची. झुडपं जिवंत आहेत.

बी-३०४: अहो ताई, औषधालाही पान दिसत नाही.

ए-१०२: आत्ताच खाली जाऊन आले. प्रत्येक झुडपाची साल नखाने जराशी खरवडून बघितली, आतून ओली हिरवी आहे. फक्त कोपऱ्यातल्या झुडपाची एक फांदी आत तपकिरी निघाली, वाकवली तर काटकन मोडली. तेवढीच गेलीये.

सी-२०१: मग मागच्या हंगामात फुलं का नाही आली? त्याआधी किती बहरली होती! धाकटी खाली पडलेल्या पाकळ्या गोळा करून आणायची, क्रेप कागदासारख्या चुणीदार.

ए-१०२: छाटणी चुकली आपली. सावनीला फूल येतं ते त्याच हंगामात फुटलेल्या कोंबाच्या शेंड्याला. कोंब वीत-दीड वीत वाढले होते आणि आपण मेंदीच्या कुंपणासारखे वरून सपाट कातरले. कळ्या धरणारे शेंडेच गेले. मीही तेव्हा हो म्हटलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

बी-३०४: म्हणजे छाटायचंच नाही?

ए-१०२: छाटायचं, पण थंडी सरताना, फांद्यांवरचे डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, फुगायच्या आधी. एकमेकींना घासणाऱ्या, आत वळलेल्या आणि अगदी बारीक काड्या काढायच्या, म्हणजे मधून हवा खेळते. उंचीसाठी कात्री लावायची गरजच नाही, ही बुटकी जात आहे, तीन-चार फुटांवर थांबते. दरवर्षी बुंध्यापर्यंत तासलं तर लांब लुळे फोक फुटतात आणि पावसात फुलांच्या भाराने जमिनीला टेकतात.

डी-४०२: भिंतीकडच्या तिघांच्या पानांवर पांढरी भुकटी असायची, ती कसली?

ए-१०२: भुरी, म्हणजे पानांवरची बुरशी. तिथे ऊन पोचत नाही. सावनीला दिवसाला सहा तास तरी थेट ऊन लागतं, सावलीत भुरीही येते आणि फुलंही कमी. ती तिन्ही मुळांच्या मातीसकट उन्हात हलवू. आत्ता पानं नाहीत तोवरच हे करायला हवं, झाडाला त्रास कमी होतो.

सी-२०१: हिच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ आहे ना? आपल्याकडचीच का?

ए-१०२: मूळ चीनकडची मानतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९ मध्ये नाव दिलं, लॅगरस्ट्रोमिया इंडिका. त्यातला लॅगरस्ट्रोम म्हणजे त्याला रोपं मिळवून देणारा स्वीडिश व्यापारी.

बी-३०४: बरं, उपटणं रद्द. भिंतीकडची तीन हलवायला सांगतो. ताई, माळ्यापाशी तुम्ही उभ्या राहाल ना?

ए-१०२: हो काका, खड्डे आधी खणून ठेवायला सांगा. मुळं उघड्यावर राहायला नकोत.