श्रीलंकेचा वन्यजीव प्रवास : प्राण्यांना आपला त्रास होऊ नये म्हणून आधी काय ठरवावे?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत मी, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे पुण्याहून दहा दिवसांसाठी श्रीलंकेला जात आहोत. येथील एका प्रवासी कंपनीने ‘इको टूर’ म्हणून जो कार्यक्रम दिला आहे, त्यात हत्तीवरून रपेट, कासवाचे पिल्लू हातात घेऊन छायाचित्र, मिरिसाहून देवमासे पाहण्याची फेरी आणि याला राष्ट्रीय उद्यानात अर्ध्या दिवसाची सफारी आहे. गेल्या वर्षी आम्ही वेळासला गेलो होतो. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे सरकत असताना सगळे दोरीच्या अलीकडे उभे होते आणि कोणीही पिल्लाला हात लावत नव्हते. हा कार्यक्रम वाचून मुलीने विचारले, “बाबा, मग तिथे कसा हात लावू देतात?” मला उत्तर देता आले नाही. यातील काय ठेवावे, काय काढावे आणि त्याऐवजी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रानवाट

आपल्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाजवळ बलकाची थोडी शिदोरी शिल्लक असते आणि तिच्या बळावर ते सुरुवातीचा काळ न थांबता खोल समुद्राकडे पोहत जाते. पर्यटकांना दाखवण्यासाठी त्याला टाकीत ठेवले, तर हे बळ टाकीच्या भिंतींशी झटण्यातच खर्च होते, आणि नंतर सोडलेले पिल्लू थकलेल्या अवस्थेत लाटांत शिरते. म्हणून ज्या केंद्रात पिल्ले हाताळायला देतात, तेथे जाऊ नये. देणगी म्हणूनही पैसे देऊ नयेत. रेकावाच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येणारी कासवे दुरून पाहता येतात, परंतु तेथील मुख्य हंगाम एप्रिलनंतरचा असल्याने फेब्रुवारीत त्याचा आग्रह धरू नये.

हत्तीची रपेटही काढून टाकावी. त्याऐवजी उडावलावे येथील हत्ती संक्रमण केंद्र पाहावे. १९९५ साली सुरू झालेल्या या केंद्रात अनाथ पिल्ले वाढवून पुन्हा जंगलात सोडतात. ठरलेल्या वेळी पिल्ले धावत येतात, कर्मचारी त्यांना नरसाळ्याला जोडलेल्या नळीतून दूध पाजतात आणि पिल्ले पुन्हा झाडीकडे वळतात. आपण कठड्यामागून पाहायचे, एवढेच. पिल्लाला माणसाचा लळा लागला तर ते जंगलात टिकणार नाही, म्हणून हे अंतर राखलेले आहे. हे कारण मुलीला तेथेच, पिल्लांकडे पाहत असताना सांगावे. वेळासच्या दोरीशी तिची ती स्वतःच सांगड घालेल.

घाटमाथा

यालाविषयी अनुभवाने लिहितो. आमच्या चालकाचा फोन वाजला आणि क्षणात जीप भरधाव निघाली. पोहोचलो तेव्हा एका वळणावर वीसेक जीप दाटीने उभ्या होत्या, सर्वांची इंजिने सुरू होती आणि धुळीपलीकडे एक बिबट्या रस्ता ओलांडू पाहत होता. तो दोन पावले पुढे आला, थांबला, पुन्हा मागे सरला. असे तीनदा झाले. अखेर तो ज्या बाजूने आला होता त्याच बाजूच्या झुडपात परतला. त्याला पलीकडे जायचे होते आणि आम्ही त्याची वाट अडवली होती, हे मला आजही बोचते.

यात दोष एकट्या चालकाचा नाही. पाहुण्याला बिबट्या दिसला तरच बक्षिसी मिळते, असा त्याचा अनुभव असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वीच आम्ही त्याला स्पष्ट सांगितले की, बिबट्या दिसो वा न दिसो, बक्षिसी तेवढीच मिळेल. गर्दी असेल तेथे जाऊ नका आणि थांबल्यावर इंजिन बंद करा. त्या दिवशी बिबट्या दिसला नाही, मात्र एका तळ्याकाठी रंगीत करकोचे आणि चिखलात बसलेल्या रानम्हशी आम्ही तासभर निवांत पाहिल्या आणि चालकही मनापासून माहिती देत होता. देवमाशांच्या फेरीसाठीही हाच मार्ग धरावा. नाव पाठलाग करते का, किती अंतर राखते, हे पैसे देण्याआधी विचारावे. उत्तर टाळणाऱ्याची नाव ठरवू नये. शक्य झाल्यास एक ठिकाण कमी करून उरलेल्या ठिकाणी एक रात्र जास्त राहावे, कारण घाईच्या प्रवासातच चालकावर दडपण येते.

पानगळ

थोडी भर घालते. हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी सामान तपासतात, प्लास्टिकच्या पिशव्या काढून घेतात आणि पाण्याच्या बाटल्यांवरची वेष्टनेसुद्धा सोलतात. आमच्या बाकरवडीची पाकिटे तेथेच रिकामी करावी लागली. पुण्याहून निघतानाच खाऊ स्टीलच्या डब्यात भरावा.

माझ्या मते आपण सिंहराजाला अवश्य जावे. हे वर्षावन १९८८ पासून जागतिक वारसा आहे. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच प्रदेश मानला जातो, त्यामुळे ताम्हिणी-भीमाशंकर पाहिलेल्या मुलीला तेथे ओळखीचे आणि अनोळखी दोन्ही भेटेल. स्थानिक वाटाड्यासोबत पायी फिरायचे असते. आमचा वाटाड्या मध्येच थांबून कान देई. मग वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकाच थव्याने झाडांच्या शेंड्यांतून पुढे सरकताना दिसत. कुडावा गावात घरगुती निवास मिळतात. तेथे कोवळ्या फणसाचा रस्सा-भात जेवताना आपल्या कुयरीच्या भाजीची आठवण झाली, आणि पैसेही थेट त्या घरात गेले.

कर्वेनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. रपेट आणि कासव केंद्र आजच रद्द करण्यास सांगितले. कंपनी रक्कम कमी करायला तयार नाही, तरीही निर्णय बदलणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सिंहराजात त्यांना जमेल का? जळवांची भीतीही त्यांनी घेतली आहे.

पानगळ

मुख्य वाट बऱ्यापैकी रुंद आहे. पहाटे निघून दोनेक किलोमीटर हळूहळू जाऊन परतावे, त्यांच्या हाती काठी द्यावी. फेब्रुवारीत पाऊस तुलनेने कमी असल्याने जळवाही कमी असतात, तरी गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे सर्वांनीच घालावेत. वाटाड्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे की, आजी सोबत आहेत, चाल त्यांच्या पावलांची ठेवायची.