आईच्या खुब्यातील कृत्रिम सांधा चार वर्षांच्या आत झिजला. दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न (कऱ्हाडची लेक)

नमस्कार. माझ्या आईच्या (वय ६४) उजव्या खुब्याचे सांधेरोपण मार्च २०२२ मध्ये पुण्यातील एका खासगी रुग्णालयात झाले. ३ लाख ४० हजार रुपये आम्ही स्वतः भरले. पहिली दोन-अडीच वर्षे ती मंडईपर्यंत पायी जाऊन येत असे. गेल्या दिवाळीपासून मात्र जांघेत दुखू लागले आणि आता ती ओट्याला धरून, उजवा पाय जेमतेम टेकवून उभी राहते. रक्ततपासणीत कोबाल्टचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. सांध्याची धातूची मुंडी आणि दांडा यांच्या जोडावर झीज होत असून सांधा काढून नवा बसवावा लागेल, असे दुसऱ्या शल्यविशारदांनी सांगितले आहे. ही शस्त्रक्रिया तीन आठवड्यांनी आहे. पहिले रुग्णालय म्हणते कंपनीशी बोला. कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो डॉक्टरांनी नीट बसवला नसेल. आम्ही नेमके कोणाविरुद्ध आणि कुठे जावे?

उत्तर (ग्राहक आयोगात काम करणारा वकील)

ताई, दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून तक्रारीत दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष) करावे. दोष कोणाचा हे आपण आजच ठरवण्याची गरज नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम ८२ ते ८७ ही उत्पादन दायित्वाची, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीची, स्वतंत्र तरतूद आहे आणि कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाल्यामुळे आपल्या आईचे प्रकरण त्यात बसते. कलम ८४ प्रमाणे निर्मितीतील दोष, रचनेतील दोष, ठरलेल्या मानकांपासून फारकत किंवा अपुऱ्या सूचना यांपैकी काहीही सिद्ध झाले तरी उत्पादक भरपाईस जबाबदार ठरतो. डॉक्टरांची चूक असेल तर ती सेवेतील त्रुटी होय आणि वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच व्ही. पी. शांता प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कंपनीचा नेहमीचा बचाव कलम ८७ मधला असतो: वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची होती आणि आम्ही तज्ज्ञाला पुरेशी सूचना दिली होती. हा बचाव फक्त सूचना अपुऱ्या असल्याच्या आरोपापुरता चालतो, निर्मितीच्या किंवा रचनेच्या दोषाला नाही. म्हणून तक्रार केवळ ‘आम्हाला सांगितले नाही’ एवढ्यावर उभी करू नये.

अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. मोबदला ५० लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा आयोगात जाईल आणि आई जिथे राहतात तिथे, म्हणजे साताऱ्यातच, ती दाखल करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारशुल्क नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पोलिसांत जाण्याची घाई मात्र करू नका. फौजदारी निष्काळजीपणा सिद्ध करण्याची पातळी फार वरची आहे आणि त्यातून सहसा भरपाई मिळत नाही.

उत्तर (अठरा वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी त्याआधीची गोष्ट सांगते, कारण तीन आठवड्यांनंतर ती हातातून निघून जाईल. सांध्याचा प्रत्येक भाग ज्या खोक्यात येतो त्यात चिकटपट्ट्या असतात आणि त्यांवर भागाचा क्रमांक व लॉट क्रमांक (तो भाग कारखान्यात ज्या तुकडीत बनला तिचा क्रमांक) छापलेला असतो. त्यातली एक पट्टी शस्त्रक्रियेच्या नोंदीवर लावतात. डिस्चार्ज कार्डावर ती असेलच असे नाही, त्यामुळे पहिल्या रुग्णालयाकडे संपूर्ण इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांची सर्व कागदपत्रे, लेखी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. ते जपून ठेवण्याचे बंधन तीन वर्षांचेच आहे आणि आपली तीन वर्षे उलटली आहेत, म्हणून आजच जा.

उत्तर (मिरजकर)

माझ्या वडिलांच्या गुडघ्याच्या बाबतीत जे घडले ते तुमच्या बाबतीत घडू नये, म्हणून लिहितो. काढलेला सांधा कंपनीचा माणूस ‘तपासणीसाठी’ म्हणून शस्त्रक्रियागृहातूनच घेऊन गेला. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, कोणी विचारले नाही आणि आम्हाला विचारायचे सुचले नाही. चार महिन्यांनी एका ओळीचे पत्र आले: दोष आढळला नाही. तो तुकडा आम्ही पुन्हा पाहिला नाही आणि आयोगासमोर तपासायला काही उरलेच नाही.

उत्तर (ग्राहक आयोगात काम करणारा वकील)

मिरजकरांचा अनुभव प्रत्येक कुटुंबाने वाचावा असा आहे. दोष प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर वस्तू सीलबंद करून तपासणीस पाठवण्याचा अधिकार कलम ३८ ने आयोगाला दिला आहे, पण वस्तूच नसेल तर पाठवणार काय? म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी नव्या रुग्णालयाला पत्र देऊन पोच घ्या: काढलेले सर्व भाग जैववैद्यकीय कचऱ्यात टाकू नयेत, कंपनीला देऊ नयेत, निर्जंतुक करून, छायाचित्रे काढून, सीलबंद करून रुग्णाच्या ताब्यात द्यावेत आणि भोवतालच्या ऊतींचा नमुना पॅथॉलॉजीकडे पाठवावा.

नोंदींचे मोल काय असते हे डेप्यू कंपनीच्या एएसआर खुबा-रोपणाने दाखवून दिले आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील या कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये ते जगभरातून परत मागवले. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राने नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये प्रत्येक रुग्णाला किमान २० लाखांच्या भरपाईची शिफारस केली, पुढे ३० लाख ते १ कोटी २३ लाखांचे सूत्र ठरले, कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्यास तिने तयारी दाखवली. बहुसंख्य रुग्णांचा मात्र माग लागला नाही. आपल्या शरीरात नेमके काय बसवले आहे हेच त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊक नसणार, ही मला आजही सर्वांत बोचणारी बाब वाटते. परवाना मिळालेल्या उपकरणाने इजा झाली तर आपोआप भरपाई देणारी तरतूद औषधे कायद्यात नाही, त्यामुळे प्रत्येक कुटुंबाला स्वतःच लढावे लागते.

वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे, म्हणजे गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे, या घटनेची नोंद अवश्य करा. रुग्णाचे नातेवाईकही ती करू शकतात. त्यातून पैसे मिळणार नाहीत, पण त्याच लॉटचा सांधा बसवलेल्या इतरांसाठी ती नोंद मोलाची आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरते: तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे असे ऐकले. ती २०२४ मध्येच संपली का?

उत्तर (ग्राहक आयोगात काम करणारा वकील)

मुदत दावा करण्याचे कारण घडल्यापासून मोजतात. आईंना त्रास दिवाळीत सुरू झाला आणि झीज रक्ततपासणीनंतर कळली, त्यामुळे तिथून दोन वर्षे धरावीत असे आपण ठामपणे मांडू शकतो. समोरचे शस्त्रक्रियेच्या तारखेवर बोट ठेवतीलच, म्हणून तक्रारीसोबत कलम ६९ खालील विलंबमाफीचा अर्ज जोडा आणि त्यात रक्ततपासणीचा अहवाल तारखेसह लावा. तोवर ते पत्र नव्या रुग्णालयाला उद्याच द्या.