अतिवृष्टीचं अनुदान: रानात ऊस, पैसे मात्र जिरायती दरानं

सीनाकाठ_माढा
सप्टेंबर 2025 च्या सीनेच्या पुरातलं नुकसान. एकच गट, 1 हेक्टर 20 आर. त्यात 80 आर ऊस, 40 आर सोयाबीन. खात्यावर आले 10,200. बांधाच्या पलीकडं तेवढ्याच रानाला 17,000. रब्बीचे पैसे तर अजून नाहीतच. यादीत नाव आहे, नावापुढचा विशिष्ट क्रमांकही (अनुदान यादीतला ओळख नंबर) आहे. नेमकं कुठं अडलंय?

काळं_रान
आकड्यातच उत्तर आहे. 1.20 ला 8,500 नं गुणा, बरोब्बर 10,200. म्हणजे सगळंच जिरायत धरलंय. या पुरासाठी दर हेक्टरी जिरायत 8,500, बागायत 17,000, बहुवार्षिक फळबाग 22,500, मर्यादा 3 हेक्टर. उसाचे 13,600 आणि सोयाबीनचे 3,400 धरले तर 17,000 होतात. तुमचे 6,800 कमी आलेत.

बँकेत भांडू नका, तिथं आकडा वरूनच तयार होऊन येतो. सातबारा काढून गाव नमुना बारा, म्हणजे त्यातला पिकांच्या नोंदीचा भाग, बघा. ऊस लागलेला असतो, पण क्षेत्र 'अजल सिंचित', म्हणजे बिनपाण्याच्या, रकान्यात पडलेलं असतं नाहीतर सिंचनाचं साधन कोरं असतं. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून पीक नोंदवायच्या ॲपवर) घाईघाईनं फोटो मारला की विहीर-बोअर निवडायचं राहून जातं. मग यादी करणारा तेच उचलतो.

सीनाकाठ_माढा
बघितला. ऊस अजल सिंचितच आहे. विहीर गटातच आहे, तिची नोंदसुद्धा आहे! आता?

काळं_रान
तहसीलदारांच्या नावानं अर्ज द्या. सोबत सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), विहिरीची नोंद, मोटारीचं वीजबिल आणि कारखान्याकडची ऊसनोंदीची पावती. शेवटची पावती सगळ्यात कामाची, कारण तिच्यावर लागणीची तारीख नि क्षेत्र दोन्ही असतं. अर्जात 'अनुदान कमी मिळाले' एवढंच लिहिलं तर तो कागद फायलीत पडून राहतो. गट नंबर, पीकनिहाय आर आणि फरकाची रक्कम लिहा. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

मोडनिंब_सेवाकेंद्र
रब्बीचं प्रकरण वेगळं. बियाणं आणि इतर खर्चासाठी हेक्टरी 10,000, तुमचे 12,000. त्याचं वाटप पीकनुकसानीबरोबर होत नाही, त्यामुळं एक आलं म्हणजे दुसरं येईलच असं नाही.

माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथं ज्या बँकेचं नाव दिसतं, पैसे तिकडंच जातात. पासबुकाला आधार जोडलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, आधारशी त्या खात्याचं मॅपिंग असणं वेगळं. कित्येकदा रक्कम आलेली असते, पण वर्षानुवर्षं न उघडलेल्या भलत्याच खात्यात. साइटवर स्टेटस 'इनॅक्टिव्ह' दिसलं तर बँकेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरा.

ॲग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक मंजूर असेल तर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लागत नाही. नसेल तर विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो. अंगठा देण्याआधी क्षेत्र, खातं, रक्कम वाचा. सगळे नुसतं नाव बघून मोकळे होतात.

बांधावरचा
एक राहिलं. जमिनीचं खातं सामाईक आहे का? असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, ते नसलं की रक्कम अडकते. खातेदार मयत असेल तर आधी वारस नोंद. आणि पुरानं गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी 18,000 वेगळे असतात, पण फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे 2 हेक्टरच्या आत. तुम्ही त्यात बसता. पंचनाम्यात गाळाची नोंद आहे का तेवढं त्याच फेरीत विचारून या.